वाचकांचे प्रश्न : लिफ्ट मध्येच अडते तेव्हा

प्रश्न : भिवंडीत गोदामाच्या लायटिंगचं काम घेतलंय. भाड्याची १९ फुटी सिझर लिफ्ट (कात्रीसारख्या उघडणाऱ्या लोखंडी पायांवर माणसाला वर नेणारा चाकांचा प्लॅटफॉर्म) थोडी वर गेली की पीं-पीं करून अडते. लिफ्टबरोबर आलेला मुलगा म्हणतो, सेन्सरची वायर काढून देतो. काढू द्यावी का?

उत्तर : हातही लावू देऊ नका. हा सेन्सर यंत्र कललं की लिफ्ट अडवतो. वायर काढली की आवाज थांबेल, फरशीचा उतार तसाच राहील. या मापाच्या लिफ्टला साधारणपणे आडवा दीड अंश आणि लांबीच्या दिशेने तीन अंश एवढाच कल चालतो. नेमका आकडा यंत्रावरच्या प्लेटवर असतो. दीड अंश ऐकायला किरकोळ वाटतो. पण यंत्राची रुंदी जेमतेम ७६ सेंटिमीटर, म्हणजे एका बाजूची चाकं २ सेंटिमीटर खाली असली की दीड अंश भरला. तेवढ्यानेच ६ मीटरवरचा प्लॅटफॉर्म जवळजवळ १६ सेंटिमीटर बाजूला जातो.

लिफ्ट पूर्ण खाली घ्या आणि स्पिरिट लेव्हल चेसिसवर (चाकांवरच्या सांगाड्यावर) आडवी-उभी ठेवून बघा. कल निघाला तर जागा बदला. चाकाखाली प्लायचे तुकडे सारायची सवय मात्र सोडा, ते सटकतात. लेव्हल बरोबर असेल तर पॉटहोल गार्ड तपासा. प्लॅटफॉर्म वर जाताना चेसिसच्या दोन्ही बाजूंनी खाली उतरणाऱ्या या लोखंडी पट्ट्या. चाक खड्ड्यात गेलंच तर यंत्र त्यांच्यावर टेकतं. केबलचा तुकडा किंवा वाळलेला सिमेंटचा मसाला अडकला की पट्टी अर्धवट उतरते आणि लिफ्ट अडते. साफ करायचं ते लिफ्ट खाली असताना, किल्ली काढून. तरीही अडली तर भाड्याने देणाऱ्याचा मेकॅनिक बोलवा, खाडा त्याच्या खात्यात.

प्रश्न : बूम लिफ्टमध्ये (लांब हाताच्या टोकाला बास्केट असलेल्या लिफ्टमध्ये) हार्नेसचा, म्हणजे अंगावरच्या सुरक्षा पट्ट्याचा हुक वरच्या बीमला लावला तर जास्त सुरक्षित नाही का?

उत्तर : उलट. बास्केट हलली किंवा हळूहळू खाली बसली तर माणूस बीमला लटकतो. हुक बास्केटमधल्या ठरवून दिलेल्या कडीलाच लावा, रेलिंगलाही नाही. लॅनयार्ड, म्हणजे हार्नेस आणि हुक जोडणारा दोर, एवढा आखूड ठेवा की कठड्याबाहेर जाताच येऊ नये; १.८ मीटरचा सरसकट वापरला जातो, तो इथे लांब पडतो. चाक लहानशा खड्ड्यात आपटलं तरी लांब बूमच्या टोकाला बास्केट चाबकासारखी उसळते आणि माणूस बाहेर फेकला जातो.

प्रश्न : वर असताना बॅटरी संपली तर?

उत्तर : सिझर लिफ्टच्या खालच्या भागात इमर्जन्सी लोअरिंगची मूठ असते. ती ओढली की प्लॅटफॉर्म स्वतःच्या वजनाने खाली येतो. तेव्हा कात्र्यांजवळ कोणाचा हात नको. मूठ कुठे आहे हे खाली उभ्या असलेल्या माणसाला ठाऊक हवं. रोज सकाळी मीटरभर वर घेऊन त्याच्याच हातून ओढून घ्या. वरून ओरडून सांगायची वेळ आली की ती हमखास सापडत नाही.