घर गहाण ठेवून पूर्णवेळ सेवेत उतरणं: हा विश्वास की अविचार?

सलाम. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सरकारी नोकरी सोडून पूर्णवेळ ख्रिस्ती सेवेत उतरायचं आहे, प्रार्थनागृह बांधायला राहत्या घरावर कर्ज काढायचं आहे, पत्नी तयार नाही, आणि तुमचे पाळक (मंडळीचे धर्मगुरू) म्हणतात, "पेत्राने होडीतून पाय बाहेर टाकला नसता तर तो पाण्यावर चालला असता का?" मग याला विश्वास म्हणायचं की अविचार?

घराबद्दल माझं उत्तर सरळ आहे: नको. नोकरीबद्दल तितकं सरळ नाही, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी पेत्राचं बघू. बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा १४ वा अध्याय पुन्हा उघडा. येशू पाण्यावरून चालत येतो आहे, आणि त्याचा शिष्य पेत्र होडीत आहे. पेत्र धाडकन उडी मारत नाही. आधी विचारतो, प्रभूजी, आपण असाल तर मला यायला सांगा. "ये" असं उत्तर आल्यावर मग तो उतरतो. शिवाय उतरतो तो एकटाच. बाकीचे शिष्य होडीत कोरडे बसलेले असतात, आणि बुडायची वेळ येते तीही त्याच्या एकट्यावर. तुमच्या बेतात होडीच गहाण पडते आहे, आणि तिच्यात बायको-मुलं बसली आहेत.

मी बरीच वर्षं एका पतसंस्थेत वसुलीचं काम बघितलं, त्यामुळे अशा साक्षींची (देवाने कसं पुरवलं ते चारचौघांत सांगण्याची) दुसरी बाजू मला जास्त दिसते. ओळखीतल्याच एका विश्वासू भावाने "प्रभू पुरवील" म्हणून असंच कर्ज घेतलं. कागदोपत्री ते व्यवसायासाठी, प्रत्यक्षात प्रार्थनागृहासाठी. जामीनदार त्याचा मेहुणा, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. भिंती उभ्या राहिल्या, पत्रे चढले, रविवारी उपकारस्तुती झाली, आणि हप्ते थकले. नोटिसा गेल्या, सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला निघाला, आणि मेहुण्याच्या पगारातून कपात सुरू झाली. त्याची मुलगी त्या वर्षी बारावीला होती, क्लास बंद करावा लागला. कर्जदार भाऊ मला एकदा म्हणाला, "बघा, प्रभूने हप्त्याची सोय केलीच की नाही!" तो थट्टा करत नव्हता, अगदी मनापासून बोलत होता. तेव्हापासून कोणी विश्वासाचं पाऊल उचलतोय असं कळलं की मी जामीनदाराचा रकाना आधी वाचतो.

येशूला सैतानाने मंदिराच्या शिरोभागी उभं केलं तेव्हा उडी टाक म्हणत त्याने स्तोत्र ९१ मधलंच वचन पुढे केलं: देवदूत तुला झेलतील. वचन खरंच होतं. पण खाली कोणी हाक मारत नव्हतं, कोणाचा जीव जात नव्हता. उडी मारून एवढंच सिद्ध झालं असतं की देव झेलतो की नाही. येशूचं उत्तर तुम्हाला पाठ असेल: "परमेश्वर तुझा देव ह्याची परीक्षा पाहू नको." साक्ष द्यायची म्हणून इन्सुलिन बंद करणारे लोक मी बघितलेत, त्यांना हाच उतारा वाचून दाखवावासा वाटतो.

हाच प्रश्न १५२७ मध्ये प्लेगच्या निमित्ताने जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरपुढे आला होता. विटेनबर्गमध्ये साथ आली, विद्यापीठ येनाला हललं, सॅक्सनीच्या राज्यकर्त्याने (इलेक्टरने) त्यालाही तिकडे जायला सांगितलं. तो राहिला. बायको कॅथरीना गरोदर, आणि घराचंच इस्पितळ झालेलं. ब्रेस्लाऊच्या पाळकांनी त्याला विचारलं होतं की ख्रिस्ती माणसाने साथीतून पळून जावं का. त्याने पत्राने दिलेलं उत्तर मला आजही फार शहाणं वाटतं. पाळक, अधिकारी, वैद्य, म्हणजे ज्यांच्यावर माणसं सोपवलेली आहेत, त्यांनी जागा सोडू नये. इतरांनी, मागे राहिलेल्या शेजाऱ्याची सोय लागत असेल तर, खुशाल जावं. औषध नाकारून, रोगी टाळायची गरज नाही असं म्हणत बेफिकीर फिरणारे लोक मात्र देवाची परीक्षा पाहतात, असं त्याने स्पष्ट लिहिलं. स्वतःबद्दल म्हणाला की मी धुरी देईन, औषध देईन आणि घेईन, जिथे माझं काम नाही तिथे जाणार नाही. पण शेजाऱ्याला माझी गरज लागली तर कोणतीही जागा, कोणताही माणूस टाळणार नाही. (गरोदर बायकोला तिथे ठेवणं हाच अविचार, असं कोणी म्हटलं तर माझ्याकडे पक्कं उत्तर नाही.)

आपल्याकडचं उदाहरण तर केडगावचं आहे. पंडिता रमाबाई म्हटलं की आपण विश्वासाच्या गोष्टी सांगतो, हिशेबाच्या सांगत नाही. विधवांसाठी त्यांनी काढलेल्या शारदा सदनाला अमेरिकेतल्या मंडळाची मदत दहा वर्षांपुरती होती, ती १८९८ मध्ये संपणार हे बाईंना ठाऊक होतं. म्हणून फळबाग करून संस्था स्वतःच्या पायावर उभी राहावी या विचाराने केडगावला जमीन आधीच घेऊन ठेवलेली. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा बाई स्वतः तिकडे गेल्या आणि शेकडो अनाथ मुली-विधवांना घेऊन आल्या. स्वतःचे आई-वडील त्यांनी उपासमारीत गमावलेले, त्यामुळे भूक म्हणजे काय हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. इतक्या जणींना पोसायला पैसा कुठे होता? नव्हताच. त्यात पुण्यात प्लेग, सरकारचे निर्बंध, मुलींना शहरात ठेवायची सोय नाही. मग केडगावची ती जमीन कामाला आली. पुढे १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर मुक्तीतली (केडगावच्या त्यांच्या संस्थेतली) संख्या दोन हजारांच्या आसपास गेली.

यात धोका तुमच्या बेतापेक्षा कितीतरी मोठा होता. पण रस्त्याच्या कडेला मरायला टेकलेली मुलगी हीच तिथली हाक होती. तिला न आणण्याचा धोकाही तिच्याच जिवावर होता, हे आपण विसरतो. तुमच्या प्रार्थनागृहासाठी कोण थांबलं आहे? त्या गावात आज किती घरं जमतात, ती कुणाच्या ओसरीवर मावत नाहीत का? हे तुम्ही प्रश्नात लिहिलेलं नाही.

म्हणजे खबरदारी जितकी जास्त तितका विश्वास पक्का, असं सूत्र काढू नका. जुन्या करारात बाबेलहून यरुशलेमेला लोकांना घेऊन निघालेल्या एज्राला राजाकडे संरक्षणासाठी सैन्य मागायची लाज वाटली. आमचा देव राखणारा आहे असं तो राजाला सांगून बसला होता. तेव्हा त्याने नदीकाठी उपास नेमला आणि तसाच निघाला. पुढे त्याच वाटेने निघालेल्या नहेम्याबरोबर राजाने सरदार आणि स्वार दिले, ते त्याने निमूट घेतले. दोघेही यरुशलेमेला पोचले, दोघांनाही शास्त्रात कोणी बोल लावत नाही. फक्त एज्राने उपास एकट्याने केला नाही. ज्यांच्या जिवाला धोका होता ती सगळी माणसं, लेकुरवाळी धरून, त्या प्रार्थनेत होती.

म्हणून पत्नीच्या भीतीला "कमी विश्वास" म्हणू नका, पाळकांनी म्हटलं तरीही. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' घरात असेल तर दोघांनी मिळून वाचा. पती रेव्हरंड ना. वा. टिळकांचा भोळा, उधळा उदारपणा बाई हसत हसत सांगतात, पण घर कसं चालायचं ही चिंता कुणाच्या वाट्याला येई ते ओळीओळीत दिसतं. टिळकांनी मिशनचा पगार सोडला तो १९१७ साली, पंचावन्नाव्या वर्षी, मुलगा मोठा झाल्यावर. तुमची मुलं अजून शाळेत आहेत.

नोकरीचं म्हणाल तर आधी बिनपगारी रजा मिळते का ते कार्यालयात विचारा. ती मिळेपर्यंत शनिवार-रविवार त्याच गावात जा, कुणाच्या तरी घरी जमा. पत्नीला सोबत न्या, आणि ती परतताना काय म्हणते ते मध्ये न बोलता ऐका. पाळकांनाही एक विचारा: कर्जावर सहजामीनदार म्हणून ते सही करतील का? काय म्हणाले ते इथे जरूर कळवा.