विचारा बिनधास्त : टोमॅटोचा करपा, अडीच लाखांचा क्लास आणि डोमकावळे

मागच्या अंकात आम्ही म्हटलं होतं की एआय, डेटा सायन्स, आपल्या पुण्यातल्या संस्थांमध्ये त्याचं काय चालतं, याबद्दल मनात असेल ते विचारा. निम्म्या पत्रांत 'नोकऱ्या जाणार का' हाच प्रश्न, तो पुढच्या वेळी घेऊ. बाकीच्यातले हे चार.

प्रश्न : नारायणगावजवळ माझी टोमॅटोची शेती आहे. मोबाइलवरच्या एका ॲपने पानाचा फोटो बघून करपा (पानं करपवणारा रोग) सांगितला, मी फवारणी केली, पैसे गेले. नंतर जाणकार माणसाला दाखवलं तर तो म्हणाला करपा नाहीच. जाहिरातीत ९९ टक्के अचूक लिहिलंय. हे लोक सरळ खोटं बोलतात का?

दादा, खोटं नसेलही, आणि खरी गोची तिथेच आहे. असं ॲप बनवताना फोटोंचा एक मोठा ढीग घेतात, त्यातले बरेचसे मॉडेलला, म्हणजे फोटोवरून रोग ओळखणाऱ्या प्रोग्रामला, शिकवायला वापरतात आणि थोडे परीक्षेला बाजूला ठेवतात, म्हणजे पेपर निघतो तोही त्याच ढिगातून. प्लँटव्हिलेज नावाचा असा एक जगप्रसिद्ध ढीग आहे, १४ पिकं, २६ रोग, ५४ हजारांवर फोटो. पण हे फोटो कसे, तर एक पान तोडलं, साध्या कागदासारख्या पृष्ठभागावर ठेवलं आणि क्लिक केलं. २०१६ साली त्यावर शिकवलेल्या मॉडेलने ९९.३५ टक्के मार्क मिळवले आणि जगभर नाव झालं. त्याच अभ्यासात त्याला बाहेरून आणलेले, वेगळ्या परिस्थितीत काढलेले फोटो दाखवले तर आकडा ३१ टक्क्यांच्या आसपास आला. शास्त्रज्ञांनी दोन्ही आकडे प्रामाणिकपणे छापले, जाहिरातवाले मात्र पहिलाच उचलतात.

पुढची गंमत ऐका. २०२२ मध्ये एका संशोधकाने पान पूर्ण सोडून दिलं आणि फोटोच्या मागच्या रिकाम्या जागेतले फक्त ८ पिक्सेल, म्हणजे रंगाचे आठ बारीक ठिपके, घेऊन मॉडेल शिकवलं, तरी ते ४९ टक्के वेळा रोग बरोबर ओळखत होतं! नुसतं ठोकून दिलं असतं तर ३ टक्केसुद्धा बरोबर आले नसते. म्हणजे एकेका रोगाचे फोटो एकाच बैठकीत, एकाच उजेडात काढलेले असणार आणि मॉडेल ते उजेडावरून ओळखायला शिकलं, पान राहिलं बाजूला. तुमच्या शेतात माती, तण, सावली, ठिबकची नळी, मागे तुमची चप्पल, त्याने हे कधी बघितलंच नाहीये.

तेव्हा ॲप वापरा, पण ते एकटं सांगतंय म्हणून पंप पाठीवर घेऊ नका. पान उलटं करून बघा, उशिराच्या करप्यात दमट हवेत खालच्या बाजूला पांढरट बुरशी दिसते, लवकरच्या करप्यात डागात एकात एक गोल वलयं असतात. आणि तुमच्या नारायणगावातच कृषी विज्ञान केंद्र आहे, पानं पिशवीत घालून सरळ तिथे जा.

प्रश्न : मुलगा बी.एस्सी. स्टॅटिस्टिक्स झालाय. एक क्लास 'एआय आणि डेटा सायन्स'च्या सहा महिन्यांचे अडीच लाख मागतोय, जॉब गॅरंटी म्हणतात. एम.एस्सी. जुनाट झालं असं मुलाचं म्हणणं. काय करू? — एक आई, सिंहगड रोड

ताई, आधी त्या गॅरंटीचा कागद चष्मा लावून वाचा, खाली बारीक अक्षरात काय काय अटी आहेत ते. माझं मत विचाराल तर एम.एस्सी.च करू दे. वरच्या टोमॅटोच्या भानगडीत चूक कोणी पकडली असती? 'मला नवीन लायब्ररी (प्रोग्रामिंगचा तयार संच) येते' म्हणणाऱ्याने नाही, 'हा नमुना गोळा कसा केला' असं विचारणाऱ्याने. ते सँपलिंगमध्ये, म्हणजे नमुना निवडण्याच्या शास्त्रात, शिकवतात आणि आपल्या विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग हे १९५३ पासून शिकवतोय. जुनाट म्हणायचं तर म्हणा.

शिवाय मुलांना वाटतं संशोधन संस्थेत दिवसभर मॉडेल पळवत बसतात. अहो, बहुतेक वेळ डेटा साफ करण्यात जातो! उदाहरणार्थ पावसाच्या नोंदी घ्या. एका दिवशी ०, म्हणजे पाऊस नाही. दुसऱ्या दिवशी रकाना रिकामा, म्हणजे पाऊस नाही की मोजणारा सुट्टीवर? कुठे -९९९ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ 'नोंद नाही', आणि नवशिक्या पोरगा ते तसंच सरासरीत घालतो आणि जुलैचा पाऊस उणे येतो. उणे आला तर बरं, निदान कळतं तरी. रिकाम्या जागी कोणी ० भरून ठेवला असेल तर आकडा दिसायला छान दिसतो आणि चुकीचा असतो.

अडीच लाख भरायच्या आधी मुलाला एक काम द्या. शिवाजीनगरच्या हवामान खात्याच्या वेबसाइटवर १९०१ पासूनचा देशाचा रोजचा पाऊस नकाशाच्या चौकटी-चौकटीने फुकट मिळतो, त्यातून पुण्याचा जून काढ, आलेख कर आणि त्यातलं विचित्र काय ते मला समजेल असं सांग म्हणावं. रमला त्यात तर एम.एस्सी.चा फॉर्म भरू दे, पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा तो घरी बसूनही शिकेल. कंटाळला तर अडीच लाख वाचले.

प्रश्न : एआय शिकायचं तर जीपीयूवाला महागडा लॅपटॉप लागतोच ना? बाबा म्हणतात कारण दे.

नाही लागत. जीपीयू म्हणजे ढीगभर हिशेब एकदम करणारी चिप, आणि गूगल कोलॅब आणि कॅगल या वेबसाइटवर शिकण्यापुरता जीपीयू फुकट मिळतो. गेमिंगसाठी हवा असेल तर बाबांना तसं सांग, त्यांना माहितीच असणार.

प्रश्न : मी रिटायर्ड बँकवाला, विद्यापीठात रोज फिरायला जातो. तिथे आयुकात, त्या खगोलशास्त्राच्या संस्थेत, एआयवर काम चालतं म्हणे. ताऱ्यांना एआय कशाला? आणि बघायला मिळतं का?

काका, ताऱ्यांना नाही, ताऱ्यांकडून येणाऱ्या डेटाला. एकच उदाहरण घेतो. अमेरिकेत लायगो नावाची यंत्रं आहेत, चार-चार किलोमीटरचे दोन काटकोनातले बाहू, गुरुत्वीय लहर (अवकाशातच उठणारा सूक्ष्म तरंग) आली की त्यांची लांबी प्रोटॉनच्या हजाराव्या भागाहूनही कमी बदलते. १४ सप्टेंबर २०१५ ला पहिली लहर सापडली. गोंगाटात असा सिग्नल शोधायच्या गणितात आयुकातल्या संजीव धुरंधर आणि मंडळींचं जुनं आणि मोलाचं काम आहे. आता एवढं नाजूक यंत्र म्हटल्यावर त्याला काहीही ऐकू येतं. त्यातल्या हॅनफर्ड गावच्या यंत्रात मध्येच विचित्र टकटक यायला लागली, शोधलं तर तहानलेले डोमकावळे थंड पाइपवर जमलेल्या बर्फावर चोच मारत होते! अशा खोट्या सिग्नलना ग्लिच म्हणतात, ते ढिगाने येतात, काही तर अगदी खऱ्यासारखे दिसतात. म्हणून त्यांची चित्रं करून मशीनला वर्गवारी शिकवतात, आणि त्यातही हजारो सामान्य लोकांनी घरबसल्या चित्रं ओळखून हातभार लावलाय.

आता आपल्याकडे हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ लायगो-इंडियाला २०२३ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली, २६०० कोटींचा प्रकल्प. अमेरिकेच्या गोंगाटावर शिकलेलं मॉडेल तिथे आणून बसवलं की नारायणगावच्या दादांसारखंच होणार, तिथला पाऊस, तिथले ट्रॅक्टर, तिथले पक्षी वेगळे, नव्याने शिकवावं लागेल. मला विचाराल तर पुढच्या मुलांसाठी खरं मजेचं काम तिथे आहे.

बघायचं म्हणाल तर २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, आयुका सगळ्यांसाठी खुलं असतं. विद्यार्थी पोस्टर घेऊन उभे असतात, त्यांना बिनधास्त विचारा, 'तुमचं मॉडेल कुठे चुकतं?' चांगला विद्यार्थी असेल तर अर्धा तास सोडत नाही. नारायणगावजवळच्या खोडदची ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीणही त्याच सुमारास बघता येते, पण शाळांच्या बस खूप असतात, पुण्याहून सकाळी लवकर निघा.