मुरमाड जागा, दिवसभर ऊन, टँकरचं पाणी: कायमची फुलझाडं कोणती लावावीत?

तुम्ही लिहिलंय की प्लॉट सोलापूरजवळ आहे, वीतभर मातीखाली नुसता मुरूम आहे, सावली अजिबात नाही, पाणी आठवड्यातून एकदा टँकरचं. आणि विचारलंय की दोन ब्रास काळी माती आणून टाकावी का, आणि त्यात कोणती फुलझाडं वर्षानुवर्षं टिकतील.

काळी माती आणू नका. मुरमातल्या खड्ड्यात काळी माती भरली की ते जमिनीत पुरलेलं घमेलं होतं. सप्टेंबरच्या जोरदार पावसात ती चिकट होऊन पाणी धरून ठेवते आणि मुळं कुजतात. उन्हाळ्यात तीच माती आकसून भेगाळते आणि बारीक मुळं तुटतात. शिवाय मुळं त्या मऊ मातीतच घुटमळतात, मुरमात उतरत नाहीत. झाड दुष्काळात टिकतं ते मुळं खोल गेल्यामुळे, मातीच्या श्रीमंतीमुळे नाही.

मे महिन्यात टिकाव-पहारीने ४५ × ४५ × ४५ सेंमीचे खड्डे घ्या आणि दोन-तीन आठवडे उन्हात तापू द्या. एका खड्ड्यात काठोकाठ पाणी भरा, जिरलं की पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी २४ तासांनीही दिसत असेल, तर खाली कातळ किंवा पक्का मुरूम आहे. अशा ठिकाणी तळ पहारीने फोडा, तो फुटत नसेल तर ३० सेंमी उंच वरंबा करून त्यावर लावा. भरताना निघालेलाच मुरूम वापरा, फक्त मुठीपेक्षा मोठे दगड काढा आणि एक घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत मिसळा. ‘पूर्ण कुजलेलं’ यावर माझा जोर आहे, कारण कच्च्या शेणाबरोबर हुमणी (मुळं खाणारी अळी) येते आणि वाळवीचंही फावतं. युरिया तर नकोच. त्याने पालेदार, लुसलुशीत वाढ होते, तिला पाणी जास्त लागतं आणि फुलं कमी येतात.

आता झाडं. या जागेसाठी माझी पहिली पसंती तरवडाला. नर्सरीत तो क्वचितच मिळतो, कारण माळावर फुकट उगवणाऱ्या झाडाला गिऱ्हाईक नसतं. पण सोनेरी फुलांनी लगडलेला तरवड बागेतही तितकाच देखणा दिसतो. त्याचं सोटमूळ लवकर खोल जातं, म्हणून रोप हलवण्यापेक्षा बी जागेवरच टोकावं. बियांचं कवच टणक असतं. पॉलिश पेपरवर ते हलकं घासा, रात्रभर पाण्यात ठेवा आणि फुगलेल्या बिया एका जागी तीन-चार अशा १ सेंमी खोल पेरा. पुढे पानांवर हिरव्या अळ्या दिसल्या तर औषध मारू नका. बहुतेक वेळा त्या पिवळसर फुलपाखरांच्या असतात आणि खाल्लेलं झाड पुन्हा फुटतं.

दुसरी कोरांटी. पिवळी काटेरी कोरांटी कुंपणालगत ६० सेंमी अंतरावर लावा. पावसाळ्यात फांदी खोचली तरी जगते आणि थंडीत, बाकी बाग गप्प असताना, फुलते. मात्र बोंडं वाळली की फुटून बी लांब फेकतात, नको असतील तर आधीच खुडा.

कण्हेर आणि बोगनवेल तुम्हाला ठाऊकच आहेत. कण्हेरीची फुलं नव्या फुटीवर येतात, तेव्हा बहर ओसरल्यावर फांद्यांचा एक तृतीयांश भाग छाटा. तिचे सगळे भाग विषारी आहेत. छाटलेल्या फांद्या गुरांच्या वैरणीत जाऊ देऊ नका, चुलीतही घालू नका. बोगनवेलीची पिशवी ब्लेडने कापून काढा, मातीचा गोळा फुटला तर रोप मान टाकतं. तिला पाण्याचा थोडा ताण दिला तरच ती रंगते.

पुढच्या रांगेत सदाफुली, गुलबक्षी आणि रेन लिली. सदाफुली दोन-तीन वर्षांत लाकडी होते, पण खाली पडलेल्या बियांतून नवी येत राहते; पाणी साचलं तर मात्र उभी सुकते. गुलबक्षी उन्हाळ्यात वाळली तर उपटू नका, कंद खाली जिवंत असतो. लिलीचे कंद ५ सेंमी खोल लावा. घाणेरी मुद्दाम टाळा, ती शेजारच्या माळावर पसरते.

लॅव्हेंडर आणि एकिनेशिया या परदेशी याद्यांमधल्या झाडांचा मोह आवरा. त्यांना कोरडेपणा चालतो, पण थंड हवेतला. लॅव्हेंडर जम्मूतल्या भदरवाहला उत्तम येतं, सोलापूरच्या उन्हात आणि पावसाळी दमटपणात नाही.

लागवड पावसाची ओल वीतभर खोल उतरल्यावरच, साधारण जूनअखेर ते जुलै. पाण्याचं माझं माप असं: पहिल्या वर्षी पाऊस संपल्यावर दर आठ दिवसांनी झाडाला १० लिटर, मार्च ते मेमध्ये १५ लिटर, तेही आळ्यात सावकाश जिरेल असं. दुसऱ्या वर्षी पंधरा दिवसांतून एकदा. तिसऱ्या वर्षी तरवड, कोरांटी आणि कण्हेरीला एप्रिल-मेमध्ये दोन-तीनदा पुरतं. रोज तांब्याभर पाणी घालणं ही सगळ्यात मोठी चूक, मुळं वरच राहतात आणि मेमध्ये भाजतात. आळ्यात ५-७ सेंमी पालापाचोळा किंवा बारीक खडी पसरा, पण खोडापासून चार बोटं अंतर सोडून.

कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर ती लोहाची कमतरता. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही झाडाला मिळत नाही. अशा जमिनीत टाकलेली हिराकसही (फेरस सल्फेट) वाया जाते. १ लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस आणि १ ग्रॅम लिंबूसत्व (सायट्रिक अ‍ॅसिड) ताजं मिसळून संध्याकाळी पानांवर फवारा, दहा दिवसांनी पुन्हा एकदा. आधी एकाच फांदीवर फवारून पाहा, पानं करपली नाहीत तर बाकीच्या झाडावर.