वाचकांचे प्रश्न: ओला कागद आणि मालिकेतला हापूस

प्रश्न: जून लागला की आमच्या केंद्रातला लेझर प्रिंटर छळायला लागतो. एका वेळी दोन-दोन कागद ओढतो, मध्येच अडकतो, सातबाऱ्यावरची अक्षरं पुसट येतात. बाहेर माणसं ताटकळतात. मेकॅनिक म्हणतो, मशीनच बदला. बदलू का?
*– सेतू केंद्रचालक, रत्नागिरी तालुका*

उत्तर: एवढ्यात बदलू नका. उन्हाळ्यात हाच प्रिंटर सुरळीत चालत असेल तर दोष बहुतेक कागदात आहे. कागद हवेतला ओलावा शोषतो. उघड्या रिममध्ये आधी कडा ओलावतात, मधला भाग कोरडाच राहतो, म्हणून कडांना लाटा पडतात आणि कागद रोलरवर सपाट बसत नाही. शिवाय दमट कागद एकमेकांना चिकटतात, मग दोन-दोन आत जातात.

अक्षरं पुसट येण्याचं कारण जरा वेगळं आहे. लेझर प्रिंटर टोनरची पूड विजेच्या भाराने कागदावर ओढतो. कागद ओलसर असला की तो भार टिकत नाही आणि पूड पुरती उतरत नाही. पावसाळ्यात नवा टोनर टाकूनही फरक पडत नाही, तो यामुळेच. कागद बाहेर येतो तिथे पांढरी वाफ दिसली तर घाबरू नका, फ्यूजरच्या, म्हणजे टोनर कागदावर पक्का बसवणाऱ्या तापत्या भागाच्या, उष्णतेने कागदातलं पाणी निघतंय. जळका वास आला तर मात्र लगेच बटण बंद करा.

आता उपाय. रिमचं वेष्टण फाडून फेकू नका, ओल आत जाऊ नये म्हणूनच ते असतं. 500 कागदांतून शंभरेक काढून घ्या आणि तोंड दुमडून चिकटपट्टी लावा. रिम जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवू नका, फळीवर ठेवा. रात्री कुलूप लावण्याआधी ट्रेमधला उरलेला कागद घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात टाका, सोबत सिलिका जेलच्या दोन पुड्या. सकाळी कागद भरताना गठ्ठा दोन्ही कडांनी फुलवून घ्या आणि ट्रे काठोकाठ भरू नका. 70 जीएसएमचा (हे कागदाच्या वजनाचं माप) कागद वापरत असाल तर पावसापुरता 75 किंवा 80 चा घ्या.

कागद ओढणारा रोलर आठवड्यातून एकदा पुसावा. प्लग काढा, धागे न सुटणारं कापड साध्या पाण्यात भिजवून घट्ट पिळा, रोलर फिरवत पुसा आणि वाळू द्या. थिनर, पेट्रोल अजिबात नको, रबर खराब होतं. एवढं करूनही दोन कागद येत असतील तर सेपरेशन पॅड, म्हणजे कागद एकेक करून सोडणारी रबरी पट्टी, झिजलं असणार. तो भाग लहानसा असतो, तेवढाच बदलून घ्या. अडकलेला कागद तो ज्या दिशेने पुढे जातो त्याच दिशेने, दोन्ही हातांनी, सावकाश ओढायचा. घाईत हिसडा दिला की तुकडा आत राहतो, आणि खरं दुखणं तिथून सुरू होतं.

प्रश्न: आमच्या शाखेत दोन कॉम्प्युटर, दोन पंखे, दोन ट्यूब आणि एक प्रिंटर इन्व्हर्टरवर आहेत. बॅटरी 150 एएचची, पण पाऊण तासात मान टाकते. दुकानदाराने फसवलं का?
*– पतसंस्थेतील कर्मचारी, चिपळूण*

उत्तर: आधी हिशेब करू. 12 व्होल्ट गुणिले 150 एएच (अँपिअर-तास) म्हणजे कागदावर 1800 वॅट-तास. इन्व्हर्टरमधली गळती आणि बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते हे धरून हाती हजार-बाराशे उरतात. प्रिंटर सोडून तुमचा भार चार-साडेचारशे वॅटच्या आसपास असेल, म्हणजे दोन-अडीच तास मिळायला हवेत. तो प्रिंटर लेझर असेल तर चोर सापडला. फ्यूजर तापवताना तो सहाशे ते हजार वॅट खेचतो, आणि तयार राहण्यासाठी मधूनमधून पुन्हा तापतो. त्याला इन्व्हर्टरच्या लाइनवरून काढा.

तरीही फरक पडला नाही तर बॅटरीकडे बघा. पाणी खुणेपर्यंत आहे का? कमी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घाला, विहिरीचं किंवा नळाचं नाही. बॅटरीतल्या आम्लाच्या वाफेने आणि खाऱ्या हवेने टर्मिनलवर हिरवट-पांढरा थर चढतो आणि चार्जिंग नीट होत नाही. इन्व्हर्टर बंद करून, रबरी हातमोजे घालून, पेलाभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घेऊन ब्रशने तो काढा. सोड्याचं पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. कोरडं करून नट आवळा, वर पेट्रोलियम जेली लावा. बॅटरी चार-पाच वर्षं जुनी असेल तर तिची ताकदच उतरलेली असते, मग दुकानदाराला बोल लावू नका.

प्रश्न: कृतिदेवमध्ये टाइप केलेली पत्रं वरच्या कार्यालयात उघडली की नुसती इंग्रजी अक्षरं दिसतात. युनिकोडमध्ये करायला गेलं तर 'किनाऱ्यावर' हा शब्द 'किनार्यावर' असा उमटतो. काय करावं?
*– ग्रामपंचायत लिपिक, देवगड तालुका*

उत्तर: कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये फाइलमध्ये इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, त्यांना फक्त मराठी रूप चढवलेलं असतं. समोरच्याकडे तो फॉन्ट नसला की रूप उतरतं. आजचं पत्र पीडीएफ करून पाठवा. उद्यापासून मात्र युनिकोडच वापरा. विंडोजच्या भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडा आणि इनस्क्रिप्ट कीबोर्ड निवडा. 'ऱ्य' साठी शिफ्ट दाबून जे, मग डी, मग तिरक्या रेघेची कळ. साध्या जे ने सुरुवात केली तर रफार येतो, तुमचं तेच होतंय.

जुन्या फाइली कन्व्हर्टरने बदलल्यावर ह्रस्व वेलांटी आणि रफार डोळ्यांत तेल घालून तपासा. जुन्या पद्धतीत वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर टाइप व्हायचा, युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा आहे. घरपट्टीच्या यादीत 'शिर्के' सारखं आडनाव आलं की हमखास घोळ होतो, कारण त्यात दोन्ही आहेत.

प्रश्न: टीव्हीवरच्या मालिकांतलं कोकण मला खोटं वाटतं. सासूबाई म्हणतात, मालवणी बरी बोलतात ना, मग झालं! कोणाचं खरं?
*– अंगणवाडी सेविका, कुडाळ*

उत्तर: तुमचं. पण सासूबाईंचा मुद्दा सोडून देण्यासारखा नाही. गंगाराम गवाणकरांच्या 'वस्त्रहरण'मधून मच्छिंद्र कांबळींनी मालवणी मुंबईच्या रंगमंचावर मानाने उभी केली, आणि 2016 पासून 'रात्रीस खेळ चाले'ने ती रोज रात्री महाराष्ट्रभरच्या घरांत पोचवली. हे मोठं काम आहे. मात्र त्यानंतर पडद्यावरचा प्रत्येक कोकणी माणूस मालवणीच बोलू लागला, हे आम्हाला पटत नाही. संगमेश्वराकडे संगमेश्वरी आहे, बाणकोटाकडे बाणकोटी, रायगडात आगरी. दापोलीतल्या घराच्या तोंडी मालवणी घातली की तिथल्या माणसाला ते लगेच खटकतं, आणि खटकायलाच हवं.

भाषेपेक्षा जास्त चुकतो तो ऋतू. गच्च हिरवा सडा (कातळाचं पठार), कोसळता पाऊस आणि मागे कलमाला लटकलेला पिवळाधमक हापूस, हे एका चौकटीत येऊच शकत नाही. मोहोर नोव्हेंबर ते जानेवारीत, तोडणी साधारण मार्च ते मे. पाऊस पडू लागला की हंगाम आटोपलेला असतो. त्यातही हापूस झाडावर पिवळा होऊ देत नाहीत. तयार झालेलं हिरवं फळच झेल्याने (काठीला लावलेल्या जाळीने) देठासकट उतरवतात, चीक सालीवर ओघळला की डाग पडतो म्हणून. मग ते पेंढ्यात अढीला घालतात आणि पिवळेपणा येतो तो तिथे. नायिका फांदीवरून पिवळा आंबा खुडते तेव्हा बागायतदाराला कसं वाटत असेल!

जुलैतल्या दृश्यात ताटात ताजी सुरमई दिसते, तेही असंच. जून-जुलैत यांत्रिक नौका बंद असतात. तेव्हा घरात सुकट, बांगड्याचं खारं, फार तर खाडीची मासळी. आणि शेणाने सारवलेलं उघडं खळं (घरापुढचं अंगण) पावसाच्या दृश्यात दाखवू नये, पहिल्याच सरीत ते धुऊन जातं. खळं चोपून-सारवून वर माटव (मांडव) घालतात ते पाऊस सरल्यावर. घर, अंगण, विहीर खरीखुरी मिळत असताना लेखकाने गावातल्या एका म्हाताऱ्या माणसाला महिना विचारून संवाद लिहिले तर एवढं सगळं फुकटात सुधारेल. सासूबाईंना पुढचा भाग या नजरेने बघायला सांगा. दृश्य कोणत्या महिन्यात चित्रित झालं, हे त्या सड्यावरच्या गवताच्या रंगावरून तुमच्या आधी ओळखतील.