'पठेन्नरः' मधला नर कोण?

दादरच्या एका महिला भजनी मंडळातल्या ताईंचा प्रश्न आहे. गणेशोत्सवात घरोघरी वाटायला त्या स्तोत्रांची छोटी पुस्तिका काढताहेत, डाव्या पानावर मूळ संस्कृत आणि उजव्या पानावर मराठी अर्थ. अर्थ एका जुन्या पुस्तिकेवरून उतरवून घेतला, तेव्हा गणपतीच्या संकटनाशन स्तोत्रातल्या 'यः पठेन्नरः' खाली 'जो पुरुष ही बारा नावे म्हणतो', 'पुत्राची इच्छा करणाऱ्यास पुत्र मिळतात' अशी वाक्यं समोर आली. म्हणणाऱ्या सगळ्या बायका आणि फळ मात्र पुरुषाला! मंडळात दोन मतं पडली. एकीचं म्हणणं, मूळ पाठातच 'पठेन्नरः' च्या जागी 'पठेज्जनः', म्हणजे 'नर' ऐवजी 'जन' म्हणावं, वृत्तात नीट बसतं. दुसरीचं म्हणणं, स्तोत्राच्या काना-मात्रेलाही हात लावू नये आणि अर्थालाही नाही. ताई विचारतात, 'नर' म्हणजे नक्की कोण, आणि छापायचं काय?

ताई, मूळ पाठ आहे तसाच छापा. अर्थ मात्र बदला, आणि तो नव्या जमान्यासाठी म्हणून नव्हे, तर जुना अर्थ चुकलेला आहे म्हणून बदला.

'नर' या शब्दापासून सुरुवात करते. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला 'वासांसि जीर्णानि यथा विहाय नवानि गृह्णाति नरोऽपराणि' हा श्लोक आपल्याकडे कुणाच्या निधनानंतर हमखास म्हटला जातो. आजी गेली तरी तोच, आजोबा गेले तरी तोच. तिथल्या 'नरः' चा अर्थ 'पुरुष' असा कुणी घेत नाही. माणूस जुनी वस्त्रं टाकून नवी नेसतो, एवढंच त्यात आहे. दासबोधाच्या पहिल्या दशकातला दहावा समास नरदेहाच्या स्तुतीचा आहे. 'धन्य धन्य हा नरदेहो' असं समर्थ म्हणतात, तेव्हा त्यांच्यासमोर नरदेहाच्या उलट पशूचा देह आहे, बाईचा नाही. रामरक्षेतही 'नरो न लिप्यते पापैर्भुक्तिं मुक्तिं च विन्दति' आहे, आणि ते दिवेलागणीला म्हणणाऱ्या आईच्या मनात कधी आलं नाही की हे आपल्यासाठी नव्हे.

मग बिघडलं कुठे? बिघडलं मराठीत. संस्कृतातला 'नर' तिथेच राहिला, आपल्या बोलीतला शब्द आक्रसत गेला. आज 'नर' म्हटलं की 'मादी' आठवते. राणीच्या बागेतल्या पिंजऱ्यावरचा शब्द झाला तो. 'नराचा नारायण' सारख्या एखाद्या वाक्प्रचारात तेवढा जुना अर्थ जिवंत आहे. 'पुरुष' या शब्दाचंही तेच. धर्म, अर्थ, काम, मोक्ष हे चार पुरुषार्थ केवळ पुरुषांचे नव्हेत. शाळेत प्रत्येक मुलगी 'मी' हे प्रथम पुरुषी सर्वनाम म्हणून शिकते आणि तिला त्यात काही खटकत नाही, कारण तिथला पुरुष म्हणजे बोलणारं कुणीही. 'श्रद्धामयोऽयं पुरुषः' हे गीतेतलं वचनही असंच सगळ्यांना धरून आहे. जुन्या अर्थकाराने 'यः पठेन्नरः' मधलं 'यः' पुल्लिंगी पाहिलं आणि 'जो पुरुष' लिहून मोकळा झाला. त्याच्या काळच्या वाचकाला कदाचित ते रुंद अर्थाने कळतही असेल. आजच्या मुलीला ते कळणार नाही. जे वाचून चुकीचा अर्थ कळतो, ते भाषांतर चुकीचंच.

म्हणूनच 'पठेज्जनः' ची मला गरज वाटत नाही. अक्षरं तेवढीच आहेत, लघुगुरूही बसतात, सुचवणाऱ्या ताईंना संस्कृतचा कान आहे हे नक्की. पण 'नरः' मध्ये आपण आहोतच, तर तो शब्द हाकलून आपण उलट कबुली देतो की आपण त्यात नव्हतो. शिवाय स्तोत्र कानावरून चालत येतं. ऋषिपंचमीला पुण्यात दगडूशेठ गणपतीसमोर हजारो बायका एका सुरात अथर्वशीर्ष म्हणतात. 'अव वक्तारम्, अव श्रोतारम्' (बोलणाऱ्याला सांभाळ, ऐकणाऱ्याला सांभाळ) ही रूपं पुल्लिंगी आहेत, पण ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो तो त्या एका सुरामुळे. गिरगावात एक पाठ आणि दादरला दुसरा असं झालं तर तो सूरच तुटेल.

आता 'पुत्र'. इथे प्रकरण सोपं नाही, आणि मला या शब्दाशी थोडं थांबायचं आहे.

संकटनाशन स्तोत्रात 'पुत्रार्थी लभते पुत्रान्' असं आहे. संस्कृतचा व्याकरणकार पाणिनी, त्याच्या अष्टाध्यायीत पहिल्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात एकशेषाची काही सूत्रं आहेत. एकशेष म्हणजे दोन शब्दांपैकी एकच उरतो आणि दोघांचा अर्थ वाहतो. '१.२.७०' हे सूत्र सांगतं की आई आणि वडील एकत्र सांगायचे तर नुसतं 'पितरौ' म्हणता येतं. रघुवंशाच्या पहिल्याच श्लोकात 'जगतः पितरौ वन्दे पार्वतीपरमेश्वरौ' आहे, तिथे 'पितरौ' म्हणजे दोन बाप नव्हेत, आईबाप. आणि '१.२.६८' हे सूत्र आहे 'भ्रातृपुत्रौ स्वसृदुहितृभ्याम्'. बहीणभावांना मिळून 'भ्रातरौ' म्हणावं, लेक आणि लेकीला मिळून 'पुत्रौ'. म्हणजे 'पुत्रान्' या अनेकवचनात मुली असू शकतात याला खुद्द पाणिनीची परवानगी आहे. 'मुलांना शाळेत सोडून आले' असं आपण म्हणतो तेव्हा त्यात मुलगी असतेच, तसंच.

पण असू शकतात म्हणजे त्या स्तोत्रकाराच्या मनात होत्या असं नाही, आणि ते मी तुम्हाला सांगणारही नाही. ज्या समाजात हे रचलं गेलं त्याला मुलगा हवा होता. मनुस्मृतीत 'पुत्' नावाच्या नरकातून बापाला तारतो तो पुत्र, अशी व्युत्पत्तीच रचून ठेवली आहे. व्याकरण दार उघडं ठेवतं, माणसं ते लावून घेतात. बृहदारण्यक उपनिषदात सहाव्या अध्यायात चक्क 'दुहिता मे पण्डिता जायेत', माझ्या पोटी विद्वान मुलगी यावी, अशी इच्छा करणाऱ्या दांपत्यासाठी तिळाचा तूपभात सांगितला आहे. मूळ इतकं स्वच्छ. पण त्यावर भाष्य करताना शंकराचार्यांनी ते पांडित्य गृहकृत्यांपुरतं ठरवलं, कारण त्यांच्या लेखी तिला वेदाचा अधिकार नव्हता. मूळ रुंद आणि अर्थ अरुंद, हे पूर्वीपासून होत आलं आहे. उजव्या पानाची जबाबदारी मोठी आहे, ती यामुळेच.

रामरक्षेत आणखी एक गंमतीदार जागा आहे. 'स चिरायुः सुखी पुत्री विजयी विनयी भवेत्.' यातला 'पुत्री' वाचून पुष्कळ जणींना आनंद होतो की रामरक्षा रचणाऱ्या बुधकौशिक ऋषींनी लेकीचीही आठवण ठेवली. मलाही लहानपणी तसंच वाटायचं. पण तो शब्द 'पुत्रिन्' आहे. धन असलेला धनी, सुख असलेला सुखी, तसा पुत्र असलेला पुत्री. ओळीतले 'सुखी', 'विजयी', 'विनयी' सगळे त्याच प्रत्ययाचे सख्खे भाऊ. तेव्हा 'त्याला मुलगी होईल' असा अर्थ कृपया छापू नका. हेतू कितीही चांगला असला तरी तो खोटा अर्थ आहे, आणि शाळेत संस्कृत घेतलेली एखादी नात तो एका मिनिटात उघडा पाडेल.

मग काय लिहावं? आपल्याकडे एक सुरेख शब्द आहे, लेकुरवाळा. जनाबाईंनी तो थेट विठ्ठलाला लावला. 'विठो माझा लेकुरवाळा, संगे गोपाळांचा मेळा.' त्या अभंगात खांद्यावर निवृत्ती आहे, सोपानाचा हात धरला आहे, पुढे ज्ञानेश्वर चालले आहेत आणि 'मागे मुक्ताई सुंदर'. लेकरांच्या त्या घोळक्यात मुक्ताई आहेच, वेगळी सांगावी लागत नाही. 'लेकरू' नपुंसकलिंगी, 'मूल' नपुंसकलिंगी, 'बाळ' नपुंसकलिंगी. हिंदीला हे तिसरं लिंग नाही, आपल्याला आहे. रामरक्षेच्या त्या ओळीसाठी मी असं लिहीन: 'ही रक्षा म्हणणाऱ्यांना दीर्घ आयुष्य आणि सुख लाभतं, ते लेकुरवाळे, विजयी आणि विनयशील होतात.' आणि पानाच्या तळाशी बारीक अक्षरात: 'मूळ शब्द पुत्री, म्हणजे पुत्र असलेला.' संकटनाशनात 'मूल हवं असणाऱ्यांना मुलं होतात', आणि खाली तशीच टीप. टीप गाळू नका. वाचणाऱ्याला मूळ काय होतं हे कळण्याचा हक्क आहे.

मी टिपेवर एवढी अडून बसते त्याला कारण संत बहिणाबाई आहेत. सतराव्या शतकातली ही तुकोबांची शिष्या म्हणते, 'वेद हाका देती पुराणें गर्जती । स्त्रियेच्या संगतीं हित नोहे ॥' आणि पुढे विचारते की मी तर सहजच स्त्रीचा देह, मग मला परमार्थाची सोय कशी? उद्या आपण सगळे जुने ग्रंथ घासूनपुसून बायकांना बरं वाटेल असे करून ठेवले, तर बहिणाबाई कुणाशी भांडत होती हेच कुणाला कळणार नाही. तिचा प्रश्न निराधार दिसेल. जिथे मूळ ग्रंथ बाईला खरोखर बाहेर ठेवतो, तिथे भाषांतरानेही ते स्पष्ट सांगितलं पाहिजे. जिथे मूळ तिला आत घेतं, तिथे भाषांतराने तिला बाहेर काढता कामा नये. 'नर' दुसऱ्या प्रकारातला. 'पुत्र' अधलामधला, म्हणून त्याला टीप.

आरत्या-अभंगांच्या बाबतीत तुमच्या मंडळाला हा प्रश्न पडलाच नाही, हे माझ्या लक्षात आलं. तुम्ही सगळ्या 'दास रामाचा वाट पाहे सदना' म्हणता आणि 'दासी' करावंसं कुणाला वाटत नाही, कारण ती समर्थांची नाममुद्रा आहे. तिकडे दिंडीत मिशीवाले वारकरी माउलींच्या विराण्या, म्हणजे विरहाची गाणी, गाताना 'पैल तो गे काऊ' म्हणत सखीला साद घालतात. ज्ञानेश्वर पुरुष, पण त्यांना आपण 'माउली' म्हणतो. विठोबाला जनाबाई 'येग येग विठाबाई' म्हणून हाक मारते. वारकऱ्यांच्या 'मी' ला आणि 'तू' ला लिंग चिकटून बसलेलं नाही, इतकी मोकळीक आपल्या घरातच आहे.

आता थोडं लिखाणाच्या कसबाविषयी, कारण पुस्तिका मोठ्याने वाचली जाणार आहे. 'वाचणारा/री', 'तो/ती' असल्या तिरक्या रेघा घालू नका, त्या जिभेवर अडखळतात. 'जी व्यक्ती हे स्तोत्र म्हणते' हे व्याकरणाने निर्दोष आहे, पण त्याला सरकारी परिपत्रकाचा वास येतो. मराठीत याहून सोपी वाट आहे. एकवचनात 'म्हणणाऱ्याला' आणि 'म्हणणारीला' असा फरक पडतो, पण अनेकवचनात दोन्हींचं 'म्हणणाऱ्यांना' असं एकच रूप होतं. 'ज्यांना', 'त्यांचं', 'सगळ्यांनी' यांतही लिंग दिसत नाही. वाक्य अनेकवचनात आणि विभक्तीत न्यायचं, बस्स. वाचणाऱ्याला काही बदललंय हे जाणवतही नाही.

हा पेच फक्त आपल्या स्तोत्रांचा नाही. मुंबई-वसईच्या मराठी चर्चमध्ये पौलाची पत्रं वाचली जातात, तिथे 'बंधुजनहो' अशी हाक येते. मूळ ग्रीक 'अडेल्फॉइ' हे अनेकवचनही पाणिनीच्या 'भ्रातरौ' सारखंच बहिणींना पोटात घेणारं आहे. इंग्रजीत १९८९ सालच्या एका सुधारित भाषांतराने तिथे भाऊ आणि बहिणी असे दोन्ही शब्द घातले. मराठीत तेही करायला नको, 'भावंडांनो' म्हटलं की झालं. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, १९२२ साली निधन होईपर्यंत, केडगावला बायबलच्या मराठी भाषांतरावर काम केलं. तिथल्या साध्यासुध्या बायकांना वाचता यावं हा त्यांचा ध्यास होता. उजव्या पानासाठी आयुष्य वेचणारी बाई ती.

तुम्ही पुस्तिकेच्या शेवटी आशीर्वाद म्हणून 'अष्टपुत्रा सौभाग्यवती भव' घातलं आहे, ते मात्र बेलाशक काढा. तो ग्रंथाचा पाठ नाही, ते आपलं बोलणं आहे, आणि आपण काय बोलावं हे आपण ठरवावं. 'औक्षवंत हो' पुरे आहे, ते मुलालाही चालतं आणि मुलीलाही.

आणि छापायला देण्याआधी एक दुरुस्ती. 'त्रिसन्ध्यं' चा अर्थ तुम्ही 'तिन्हीसांजेला' असा केला आहे. मराठीत तिन्हीसांज म्हणजे दिवे लागायची वेळ. स्तोत्रातल्या तीन संध्या म्हणजे सकाळ, दुपार आणि संध्याकाळ. तेव्हा ती ओळ अशी घ्या: 'ही बारा नावं सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी म्हणणाऱ्यांना विघ्नांचं भय राहत नाही.'