रुमाल सोडण्याआधी

अनेक आशीर्वाद.

तुझा मेल नीट वाचला. सुट्टीत आपल्या संग्रहालयात येऊन काम करायचंय, मोडी शिकायचीय आणि जमलं तर शिवकाळातलं एखादं अप्रकाशित पत्र शोधून काढायचंय असं लिहिलंयस. वाचून मनापासून आनंद झाला, हल्ली स्वतःहून असं विचारणारी मुलं फार कमी येतात. पण त्या शेवटच्या इच्छेबद्दल आधी बोलतो, कारण तेवढंच डोक्यात ठेवून आलीस तर पंधरा दिवसात कंटाळशील, आणि कागद घाईघाईने चाळणारी माणसं कागदाचं नुकसान करतात ते वेगळंच.

खाली दालनात लोक बघतात ते तलवारी, पट्टे, कट्यारी, पगड्या, दिवे, नाणी. ते महत्त्वाचं आहेच, शिवराईवरचं 'श्री राजा शिव' आणि मागचं 'छत्रपति' भिंगातून दाखवलं की शाळेतली पोरं कशी गप्प होऊन बघतात ते तू स्वतः बघशील. पण आपला खरा साठा वर आहे, दप्तरखान्यात. मोडी कागद, थोडे फारसी कागद, पोथ्या, गावोगावच्या कुळकर्ण्यांची दप्तरं, सावकारांच्या चोपड्या, एक-दोन ताम्रपट, इंग्रजी अमलातले गावनकाशे, जुन्या साप्ताहिकांचे बांधलेले अंक. त्यातलं दहातलं नऊ दिसायला अगदी कंटाळवाणं आहे. अमक्याने तमक्याला दिलेल्या धान्याचा हिशोब, बांधावरून झालेलं भांडण, देवळाच्या दिव्याच्या तेलाचा खर्च. आणि मला तुला हेच सांगायचंय की ते कंटाळवाणं वाटणारं सामान आणि 'ते कुठून आलं' याची नोंद, या दोन गोष्टींवर हे सगळं उभं आहे. मोठ्या नावाचं पत्र हाती लागलं तर ते याच ढिगात लागेल आणि त्याला किंमत येईल तीही त्या नोंदीमुळे.

जेधे शकावलीचं उदाहरण घे. शिवाजी महाराजांच्या जन्मतारखेचा वाद किती वर्षं चालला होता ते तुला माहीत असेल. १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांनी ही शकावली उजेडात आणली, तिच्यात फाल्गुन वद्य ३ शके १५५१ ही तिथी आहे, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. आज आपण सरकारी शिवजयंती ज्या तारखेला करतो ती ही. आता ही शकावली प्रत्यक्षात काय आहे, तर नुसती जंत्री, अमक्या शकात अमक्या तिथीला अमुक झालं, बास. ना वर्णन ना गोष्ट. कारीच्या जेधे देशमुखांच्या घरात ती पिढ्यान् पिढ्या राहिली म्हणून मिळाली. आणि जेधे म्हणजे महाराजांच्या बरोबरीने वावरलेलं घराणं, म्हणून तिच्या नोंदींना वजन आलं. तोच कागद जुन्या बाजारात रद्दीत मिळाला असता आणि कुठल्या घरचा ते कुणाला सांगता आलं नसतं, तर वाद मिटायच्या ऐवजी वाढला असता.

इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांचं नाव तू घेतलंयस म्हणून सांगतो. त्यांचा 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ चा, पुढे २२ खंड झाले. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ सुरू झालं ते त्यांनी आणि खंडेराव मेहेंदळ्यांनी केलं. १९२६ च्या शेवटच्या दिवशी ते धुळ्याला वारले, आणि काही दिवसातच, १९२७ च्या जानेवारीत, तिथल्या लोकांनी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ काढलं ज्यात त्यांनी जमवलेले कागद सांभाळले गेले. लोक त्यांच्या फिरण्याच्या आणि रागाच्या गोष्टी सांगतात, त्या ऐक, छान आहेत. पण मला त्यांच्याकडून घ्यायची ती सवय वेगळीच वाटते, कागद कुणाच्या घरचा, कशा अवस्थेत मिळाला हे ते प्रस्तावनांमधून लिहून ठेवत, त्यामुळे सव्वाशे वर्षांनीही आपण त्यांच्याशी भांडू शकतो, त्यांचं चुकलं कुठे ते दाखवू शकतो. नुसता मजकूर छापला असता तर आपल्या हातात काही उरलं नसतं.

आता प्रत्यक्ष काम. पहिले काही दिवस तुला वाचायला काही मिळणार नाही, फक्त रुमाल उघडायचे आणि बांधायचे. रुमाल म्हणजे कागदांचं गाठोडं, ज्या चौकोनी कापडात बांधतात त्यावरूनच त्या गठ्ठ्याला रुमाल म्हणतात. गाठ सोडायच्या आधी बाहेरची चिठ्ठी वाच, दाखल रजिस्टरशी नंबर जुळव. टेबलावर स्वच्छ कापड आंथर. गाठ सोडल्यावर चारही टोकं हळू बाजूला कर आणि लगेच हात घालू नकोस, आधी नुसतं बघ. वरच्या कागदाला कसर लागलीय का, कडांवर पाण्याचा डाग आहे का, मध्येच कागदाचा रंग बदलतोय का. मग एकेक पुडकं उचल, दोन्ही हातांनी, खालून आधार देऊन. लांबट घडीचा कागद उलगडताना घडीतून चमचमणारे बारीक कण टेबलावर पडतील, ती शाई सुकवायला टाकलेली वाळू आहे, दोन-अडीचशे वर्षं त्या घडीत बसलेली. झटकू नकोस, फुंकू तर मुळीच नकोस. आणि मागची बाजू बघितल्याशिवाय कागद खाली ठेवू नकोस, कारण पोचल्याच्या, दप्तरात दाखल केल्याच्या नोंदी बरेचदा मागेच असतात, फोटो काढणारे नेमकी तीच बाजू सोडतात.

सगळ्यात मोठा मोह होईल तो कागद लावून ठेवायचा. हे सगळे जमाखर्च एकीकडे, ही पत्रं एकीकडे, तारखेप्रमाणे मस्त फाइल करू असं वाटेल. करायचं नाही. ज्या क्रमाने रुमाल आला त्या क्रमाने नंबर घाल, त्याच क्रमाने परत बांध. पाटिलकीच्या भांडणाच्या महजरात, म्हणजे निवाड्याच्या कागदात, गुंडाळलेली हिशोबाची चिठ्ठी ही तिथे कुणीतरी मुद्दाम ठेवलेली असू शकते, पुरावा म्हणून. ती काढून 'जमाखर्च' फाइलमध्ये टाकलीस की तो पुरावा मेला.

पेन आत आणायचं नाही, फक्त पेन्सिल. हातमोज्यांचं व्हिडिओत बघून सगळे विचारतात, तर कागदाला स्वच्छ धुतलेले कोरडे हात चांगले, मोज्यात बोटांना अंदाज येत नाही आणि कड फाटते. फोटो आणि धातूच्या वस्तूंना मात्र मोजे हवेतच. फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावायची नाही, कधीही नाही, ती पिवळी पडते, गोंद आत मुरतो आणि अक्षरं घेऊन निघते. लॅमिनेशन तर त्याहून वाईट. आपले जुने हातकागद, जुन्नरी वगैरे, आणि काजळीची शाई इतकी टिकाऊ आहे की नीट ठेवलं तर ती आपल्यापेक्षा जास्त जगणार आहेत, त्यांना प्लास्टिकमध्ये कोंडायची गरज नाही. जपानी टिश्यू आणि खळ लावून दुरुस्ती कशी करतात ते आमच्याकडे करणारे आहेत, ते शिकवतील, पण घाई नको.

मोडीबद्दल. बाराखडी आठवड्यात येते, वाचन यायला वर्ष जातं, हे आधीच मनाशी धरून ये. सरकारच्या पुराभिलेख संचालनालयाचे प्रशिक्षण वर्ग होतात, पुण्यात मंडळातही वर्ग होतात, जिथे जमेल तिथे कर. २०१४ पासून मोडी युनिकोडमध्ये आहे, फॉन्ट मिळतात, सरावाला चांगले आहेत, पण कारकुनाच्या हातची मोडी ही वेगळीच गोष्ट. आधी पानभर रेघ ओढून घ्यायची आणि तिला अक्षरं लटकवत जायचं, बोरू न उचलता, शब्द तोडायचे नाहीत, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही, मौजेचं 'मौ।' आणि राजश्रीचं 'रा।' अशी संक्षेपं. त्यामुळे अक्षर ओळखून वाचता येत नाही, पुढे काय येणार याचा अंदाज असावा लागतो, आणि तो अंदाज येतो कशाने तर एकाच प्रकारचे कागद पुन्हा पुन्हा वाचून. म्हणून मी नव्या माणसाला जमाखर्चापासून सुरुवात करायला लावतो. ठराविक शब्द, ठराविक मांडणी, आणि आकडे. १। म्हणजे सव्वा, १॥ म्हणजे दीड, १॥। म्हणजे पावणेदोन, हे एकदा डोळ्यात बसलं की बेरीज करून तुझं वाचन बरोबर की चूक ते तुला स्वतःलाच तपासता येतं, पत्र वाचताना ही सोय नाही.

तारखा हा आणखी एक किल्ला आहे, पण जिंकता येण्यासारखा. पेशवेकाळातल्या कागदावर बहुतेक वेळा शुहूर सन असतो, ती तेव्हाची एक वर्षगणना, अक्षरात, अरबी आकड्यांच्या नावांनी. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, ११६१. हा सन मृग लागला की बदलतो, त्यामुळे मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. पानिपत झालं १४ जानेवारी १७६१ ला, म्हणजे ११६१ मध्ये ६०० मिळवून १७६१, बरोबर जुळतं. पण त्याच सनातला पावसाळ्यातला कागद १७६० चा असणार. यात गफलत झाली की लढाईआधीचं पत्र लढाईनंतरचं होतं आणि त्यावर कुणीतरी लेख लिहून मोकळं होतं! महिना बहुतेक मुसलमानी असतो आणि त्याच्या आधी 'छ' लिहून चंद्र, म्हणजे त्या महिन्यातली तारीख, दिलेली असते, त्याला मात्र जंत्री, म्हणजे तारखा जुळवायचे तक्ते, उघडावीच लागते, तोंडी हिशोब करू नकोस.

एक गोष्ट मात्र सगळं वाचताना लक्षात ठेव, हे कागद कुणी इतिहासासाठी जपले नाहीत, हक्कासाठी जपले. वतन आमचं, इनाम आमचं, मान आमचा, हे दाखवायला लागेल म्हणून पेटीत ठेवले. १८१८ ला पेशवाई गेल्यावर कंपनी सरकारने पेशव्यांचं दप्तर ताब्यात घेतलं तेही मुख्यतः महसूल आणि इनामांसाठी, पुढे इनाम कमिशनने लोकांचे दावे याच कागदांशी ताडून बघितले. म्हणून त्या काळात बनावट सनदाही तयार झाल्या, आणि त्याही घराण्यांनी तितक्याच प्रेमाने जपल्यात. माथ्यावर शिक्का आहे का, शेवटी मोर्तब, म्हणजे समाप्तीचा शिक्का, आहे का, कागद आणि वळण त्या काळाचं आहे का, सन आणि महिना एकमेकांशी जुळतात का, हे बघितल्याशिवाय 'अस्सल' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. नक्कल असली म्हणजे खोटी असं नाही, पुष्कळ नकला प्रामाणिक आहेत, फक्त नोंदीत 'नक्कल' लिहायचं.

आणि ही हक्काची गोष्ट संपलेली नाही. २०२३ मध्ये आरक्षणाच्या दाखल्यांसाठी कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली तेव्हा मोडी वाचणारी माणसं शोधत अधिकारी फिरत होते. ज्या कागदांकडे कुणी बघत नव्हतं, जन्ममृत्यूच्या नोंदी, गावाचे महसुली कागद, त्यांच्यावर घराघराचं भवितव्य येऊन ठेपलं. असे लोक तुझ्यासमोरही येतील. खूप आशेने येतील. जे लिहिलंय तेच वाचून दाखव, त्यांना हवंय ते नाही, आणि नाही लागलं तर दुसरीकडे कुठे बघता येईल ते सांगून पाठव. त्यांच्याशी बोलताना आवाज चढवायचा नाही, एवढी एक माझी अट आहे.

स्कॅनिंगचं काम चालू आहे, तुला कॉम्प्युटर चांगला येतो म्हणून तुला तिथे बसवायचा विचार आहे. पण नुसत्या फोटोंच्या फोल्डरला मी संग्रह म्हणत नाही. रुमाल नंबर, कागद नंबर, कुणाकडून आला, पुढची बाजू की मागची, मोजपट्टी ठेवून काढलेला फोटो, हे नसेल तर दहा वर्षांनी ती हार्डडिस्क म्हणजे न बांधलेला रुमाल. इतिहासकार गो. स. सरदेसायांनी १९३० ते १९३४ मध्ये पेशवे दप्तरातून निवडून ४५ खंड काढले, केवढं प्रचंड काम, आजही त्याशिवाय पान हलत नाही. पण ती निवड होती, आणि कागदांचा कितीतरी मोठा भाग अजून रुमालातच आहे. तिथपर्यंत पोचायचं तर याद्या लागतात, आणि याद्या करणारी माणसं लागतात. या कामात नाव होत नाही हे मी तुझ्यापासून लपवणार नाही, पण पुढे पन्नास जण तुझ्या यादीवर उभे राहून लिहितील.

बाकी व्याख्यानं, शाळांच्या भेटी, प्रदर्शन हे होत राहतं, त्यात तू आपोआप ओढली जाशीलच. पाट्या लिहायला दिल्या तर 'प्राचीन तलवार' असं लिहू नकोस एवढंच.

तू आजोळच्या पेटीबद्दल लिहिलंयस ना, पोटमाळ्यावरची, मोडी कागद असलेली. ती इथे घेऊन येऊ नकोस. मामांना आधी विचार, कागद त्यांचे आहेत, आणि आपल्याला ते दान नकोत, वाचायला मिळाले आणि फोटो काढू दिले तरी खूप झालं, हे त्यांना स्पष्ट सांग, कारण एकदा नेलेले कागद परत न आल्याचा अनुभव बऱ्याच घरांना आहे आणि त्यांची भीती रास्त आहे. हो म्हणाले तर पेटी जिथे आहे तिथेच बंद आणि उघडी असे फोटो काढ, वाळवी दिसली तर फक्त जागा बदल, औषध फवारू नकोस, उन्हातही घालू नकोस. काहीही उलगडू नकोस. आजी आहे तोवर तिच्याजवळ बस आणि ही पेटी कुणाची, कुठल्या वाड्यातून आली, वाटणीत कुणाकडे काय गेलं हे सगळं तिच्या शब्दात लिहून घे, तारीख घालून. ते वहीतलं पान घेऊन सोमवारी ये, अकराला उघडतो आम्ही.