वरुडकडे संत्र्याच्या बागेसाठी विहिरीची पाइपलाइन डांबरी रस्त्याखालून न्यायची आहे, परवानगी कोणाची?

आधी रस्ता कोणाचा ते बघा, सगळं तिथंच अडतं. ग्रामीण व इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे. राज्यमार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकामच्या कार्यकारी अभियंत्याकडे. चुकीच्या टेबलावर अर्ज गेला की हंगाम जातो. सोबत दोन्हीकडचे सातबारे, नकाशा, किलोमीटर दगडापासूनचं अंतर, पाइपचा व्यास द्या.

पाइप नुसता पुरू नका, केसिंगमधून, म्हणजे बाहेरच्या मोठ्या संरक्षक पाइपमधून न्या. केसिंगचा माथा रस्त्याच्या पृष्ठभागाखाली किमान १.२ मीटर हवा. चर काळ्या मातीनं बुजवला तर पावसाळ्यात हमखास खचतो आणि खड्डा तुमच्या नावावर लागतो. मुरूमच भरा, थराथरानं, पाणी मारून ठोकत.

मधे दुसऱ्याचं शेत असेल तर तहसीलदाराकडे जमीन महसूल संहितेच्या कलम ४९ खाली वेगळा अर्ज लागेल.